शिट्टी दाबून धरणारा हात

भोसरी, गुरुवार दुपार

गुरुवार आहे, म्हणजे भोसरीच्या एमआयडीसीत सुट्टी. शेजारच्या शेडमधला पॉवर प्रेस गप्प, समोरची लेथ गप्प. तुम्ही मात्र आलात, कारण कॉम्प्रेसरला हात लावायला दुसरा वार मिळत नाही. मेन स्विच पाडलाय, टाकीतली सगळी हवा सोडून दिलीय, खालचा ड्रेन कॉक उघडा आहे आणि त्यातून गंजाचं तांबूस पाणी थेंबथेंब गळतंय.

कोपऱ्यात तो बसलाय. १६० लिटरची आडवी टाकी, तिच्या पाठीवर मोटार आणि दोन सिलिंडरचं हेड, मधे पट्टा. रंग एके काळी निळा होता. मिस्त्री वाकून टाकीवर बोट ठेवतात. जिथे सेफ्टी व्हॉल्व्ह असायला हवा, तिथे एक पितळी प्लग आवळून बसवलाय. आट्यांतून टेफ्लॉन टेपची पांढरी झालर बाहेर आलीय.

"हा कधीचा?" तुम्ही विचारता.

"दसऱ्याच्या आधीचा, शेठ. व्हॉल्व्ह गळत होता. दिवसभर कानाशी सूं सूं सूं. पोरं वैतागली होती, त्यात तुमची डिलिव्हरी. म्हटलं, तात्पुरता प्लग मारू."

एमआयडीसीत 'तात्पुरता' या शब्दाइतकं टिकाऊ काही नाही.

मिस्त्री चहा आणायला हमरस्त्याकडे जातात. तुम्ही पालथ्या क्रेटवर बसता. मांडीवर सकाळी दुकानातून आणलेली पिशवी आहे. तिच्यात चार वस्तू: सेफ्टी व्हॉल्व्ह, प्रेशर गेज, एनआरव्ही (नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह) आणि प्रेशर स्विच. हाताला पहिला लागतो तो सेफ्टी व्हॉल्व्ह. अंगठ्याएवढा, पितळी, डोक्यावर तारेची रिंग. तुम्ही सहज रिंग ओढता. आतली स्प्रिंग चिडून मागे खेचते. तुम्ही सोडता. टक्.

आणि डोक्यावरचा पत्रा नाहीसा होतो.

लंडन, १२ एप्रिल १६८२

पहिल्यांदा वास येतो, आणि तो इतका ओळखीचा असतो की तुम्ही दचकता. शिजलेल्या मांसाचा, वाफेचा, घट्ट बंद भांड्यातून चोरून निसटणाऱ्या रश्श्याचा. रविवारी सकाळी घरात येतो तोच. पण समोर कुरळ्या केसांचे टोप घातलेले गृहस्थ जेवायला बसलेत. रॉयल सोसायटीचे विद्वान आहेत हे. तुमच्याकडे कुणी बघत नाही. बघणार कसं? तुम्ही जन्माला यायला अजून तीन शतकं आहेत.

पानात मासे आहेत, मांस आहे, स्वतःच्याच रसात शिजलेली कबुतरं आहेत. एक जण गुराच्या हाडावर सुरी ठेवतो आणि सुरी लोण्यात जावी तशी आत जाते. हे सगळं शिजवायला कोळसा लागला पाव किलोच्या आत. पाहुण्यांतले जॉन एव्हलिन हे जेवण आपल्या रोजनिशीत नोंदवून ठेवणार आहेत.

स्वयंपाकी आहे पस्तिशीच्या आतला एक फ्रेंच माणूस, देनी पापँ. रॉबर्ट बॉइलच्या हाताखाली हवेच्या पंपांवर काम करून तयार झालेला. हवा निम्म्या जागेत कोंबली की तिचा दाब दुप्पट होतो, हा बॉइलचा नियम छापून वीस वर्षं झालीत. पापँने वाफ कोंबलीय. भांडं जाड धातूचं, झाकण स्क्रूने आवळलेलं. आतलं पाणी शंभर अंशांना उकळायचं सोडून आणखी तापत राहतं आणि हाडं विरघळतात. हा तुमच्या आमच्या कुकरचा खापरपणजोबा.

तुम्ही झाकणाजवळ जाता. वर एक खळगा केलाय. पापँ त्यात पाण्याचा एक थेंब टाकतो आणि शेजारी टांगलेल्या लंबकाचे हेलकावे मोजू लागतो. थेंब किती हेलकाव्यांत उडून जातो त्यावरून आत किती तापलंय ते कळतं. शिट्ट्या मोजायची सवय आपल्याला लागली त्याच्या आधीची ही मोजणी.

पण तुमचा डोळा दुसरीकडेच खिळलाय. झाकणाला एक बारीक भोक आहे. भोकावर झडप, झडपेवर एक आडवा दांडा. दांड्याचं एक टोक अडकवलेलं, दुसऱ्या टोकाला वजन लटकवलेलं. वजन टोकाकडे सरकवलं की झडप घट्ट बसते, अलीकडे आणलं की सैल होते. दाब वजनाला भारी पडला की झडप उचलली जाते, वाफ फुस्सकन बाहेर पडते आणि वजन पुन्हा खाली येतं. पापँने हे पुस्तकात छापलं १६८१ साली. दाबाला त्याने एक वाट ठेवलीय आणि त्या वाटेवर ठरल्या वजनाचा पहारेकरी बसवलाय. तुमच्या हातातल्या व्हॉल्व्हमध्ये वजनाच्या जागी स्प्रिंग आली, एवढाच फरक.

वाफ सुटते. टोपवाल्यांपैकी एकाच्या कपाळाला आठी पडते. आवाज त्याला आवडलेला नाही.

ग्रीनिच, ८ सप्टेंबर १८०३

चिखल. थेम्सचा काठ. पिठाच्या गिरणीचा पाया खणताहेत आणि पायात पाणी भरतंय. ते उपसायला रिचर्ड ट्रेव्हिथिकचं नवं इंजिन लावलंय. जेम्स वॉटची इंजिनं वाफेच्या जेमतेम दाबावर चालत. या कॉर्निश पठ्ठ्याने मात्र चढ्या दाबाची वाफ वापरून इंजिन लहान आणि ताकदवान केलंय. बिडाचा बॉयलर चिखलात काळ्या म्हशीसारखा बसलाय.

इंजिन सांभाळायला एक पोरगा ठेवलाय. तो जागेवर नाही. पायात साठलेल्या पाण्यात वाम मासे सापडतात, ते धरायला गेलाय. जाताना एका मजुराला सांगून गेलाय, जरा बघ. मजूर बघतो. इंजिन नेहमीपेक्षा फार जोरात पळतंय. म्हणून तो शहाण्या माणसासारखं ते थांबवतो.

तुम्ही ओरडता, पण आवाज फुटत नाही. कारण वाफेच्या दांड्यावर तुम्हाला ती वस्तू दिसलीय, जी मजुराला दिसलेली नाही. एक पाना. साधा, तुमच्या शेडमध्ये भिंतीवर टांगलेला असतो तसला. तो अडकवून दांडा खाली जखडलाय. इंजिन पळत होतं तोवर वाफ निदान खर्च तरी होत होती. आता तेही थांबलं. खाली जाळ तसाच, वर दांडा जखडलेला, वाफेला जायला जागा नाही.

काही वेळ अगदी शांत जातो. मग बॉयलर फुटतो. तिघं जागच्या जागी गेले, चौथा नंतर जखमांनी.

वॉटच्या बाजूच्या लोकांना हे आयतंच कोलीत मिळालं. चढा दाब म्हणजे मरण, असा गवगवा झाला. ट्रेव्हिथिकने दाब सोडला नाही, मांडणी बदलली. यापुढे दोन सेफ्टी व्हॉल्व्ह, त्यातला एक चालवणाऱ्याच्या हाताला लागणार नाही असा. दाब दाखवायला पाऱ्याची नळी. आणि बॉयलरमध्ये शिशाची एक मेख. पाणी उतरून पत्रा कोरडा तापला की शिसं आधी वितळेल आणि वाफ मोकळी होईल. घरी गेल्यावर कुकरचं झाकण बघा. शिट्टीशेजारी बिब्ब्याएवढी जी चकती असते, ती याच मेखेची नात. कुकर कोरडा पडला की तिच्यातला मिश्रधातू वितळतो. शिट्टी पापँची, चकती ट्रेव्हिथिकची. स्वयंपाकघरात दोघं शेजारी शेजारी नांदतात.

ग्रीनिचहून परतताना तुमची वाट दोन ठिकाणी थोडी वळते.

१७ जून १८३१, अमेरिकेतलं चार्ल्सटन. 'बेस्ट फ्रेंड ऑफ चार्ल्सटन' नावाचं इंजिन उभं आहे. सेफ्टी व्हॉल्व्हमधून वाफेचा अखंड फूत्कार चाललाय. आगवाल्याला तो सहन होत नाही. तो व्हॉल्व्हचा दांडा दाबून धरतो. शांतता होते. मग बॉयलर फुटतो. आगवाला वाचत नाही. त्यानंतर रेल्वे कंपनीने इंजिन आणि प्रवाशांचे डबे यांच्यामध्ये कापसाच्या गासड्यांचा एक डबा जोडला. प्रवाशांना धीर यावा म्हणून.

१८५५च्या सुमारास, मँचेस्टर. रेल्वेतला इंजिनियर जॉन रॅम्सबॉटम एक खोडकर रचना करतो. दोन झडपा, दोघींवर एकच आडवा दांडा, मधोमध एकच स्प्रिंग. ड्रायव्हरने जादा दाबाच्या लोभाने दांडा एका बाजूला दाबला की दुसऱ्या बाजूची झडप उघडते. गासड्यांपेक्षा हा विचार फार पुढचा. फुटल्यावर काय, हे त्याने पाहिलं नाही. दाबणाऱ्या हाताचाच त्याने बंदोबस्त केला.

भोसरी

क्रेट, पिशवी, गंजाचं पाणी. व्हॉल्व्ह अजून तळहातावर आहे. त्याचं तोंड ८ मिलिमीटरचं धरा. १० किलोच्या दाबाला, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला १० किलो, त्या एवढ्याशा तोंडावर हवेचा रेटा पडतो जेमतेम ५ किलोचा. तेवढाच भार तोलायची स्प्रिंग आत बसलीय. पाच किलोची कांद्याची पिशवी. आता टाकीचं बशीसारखं टोक बघा, व्यास ४० सेंटिमीटर. आठ किलोला त्या टोकावर दहा टनांचा रेटा असतो. भरल्या टाकीत एवढी ताकद कोंडलेली असते की एक टनाची गाडी तीन-चार मजले उंच उचलता यावी. आणि त्या दहा टनांवर पहारा पाच किलोंचा. मिस्त्रींनी तोही उठवला.

पण एक गोष्ट टोचते. नवा-जुना कुठलाही व्हॉल्व्ह उगाच का गळेल? एक तर सीटवर कचरा बसलेला. नाही तर...

तुम्ही जुन्या गेजकडे बघता. टाकी रिकामी आहे, ड्रेन कॉक उघडा आहे, आणि काटा मजेत सहावर उभा आहे.

तुम्ही पिशवीतून नवा गेज काढता. काचेला बोट लागतं.

पॅरिस, १८४९

धातूचा किस, तेल, आणि घड्याळाच्या दुकानातली असते तसली बारीक अवजारं. युजेन बूर्दाँचा कारखाना. माणूस चाळिशीतला, वाफेची इंजिनं करणारा, पण बोटं घड्याळजीची.

दाब मोजायला तोवर पारा होता. एका वातावरणाच्या दाबाला ७६० मिलिमीटर पारा लागतो. सात वातावरणं मोजायची तर पाच मीटरहून उंच काचेची नळी उभी करा. धडधडणाऱ्या इंजिनावर ती कशी टिकायची?

गोष्ट अशी सांगतात, की बूर्दाँच्या कामगारांकडून एक गुंडाळलेली नळी वाकवताना चेपली गेली. चेप काढायला तिचं एक तोंड बंद करून दुसरीकडून पंपाने पाणी दाबलं. नळी फुगून गोल होऊ लागली, आणि गोल होता होता आपलं वेटोळं सोडू लागली. बाकीच्यांना दुरुस्ती दिसली. बूर्दाँला मोजमाप दिसलं. जितका दाब, तितकी उकल.

तुम्हाला हे यंत्र लहानपणापासून माहीत आहे. जत्रेत कागदाची गुंडाळलेली पिपाणी मिळते ना, फुंकली की सर्रकन उलगडते आणि श्वास सोडला की परत गुंडाळी होते? गेजच्या आत तीच पिपाणी आहे, पितळेची. इंग्रजी सी अक्षरासारखी वाकवलेली चपटी नळी. एक टोक टाकीला जोडलेलं, दुसरं बंद. बंद टोक दाबाने केसभर सरकतं, दातेरी पट्टी ती हालचाल मोठी करते, काटा फिरतो. बूर्दाँने त्याच वर्षी पेटंट घेतलं. दोन वर्षांनी लंडनच्या महाप्रदर्शनात या गेजला पदक मिळालं. आज टायरवाल्याच्या हातात, ऑक्सिजनच्या सिलिंडरवर, सगळीकडे हीच नळी.

पण नळी धातूची आहे. हजारदा वाकून ती थकते. धडधडीने दाते झिजतात, काटा निसटतो, अडकतो. म्हणून आठ किलोच्या कामाला सोळा किलोपर्यंतचा गेज घेतात, काटा मध्यावर राहावा आणि नळीला श्वास मिळावा म्हणून. आणि म्हणूनच टाकी रिकामी केल्यावर काटा शून्यावर येतो का, हे बघायचं असतं. तुमच्या शेडमध्ये ते शेवटचं कुणी बघितलं?

भोसरी

मिस्त्री चहा घेऊन आलेत. तुम्ही जुन्या गेजकडे बोट दाखवता. "मिस्त्री, टाकीत हवा नाही. काटा सहावर."

ते बघतात. कप खाली ठेवतात. पुन्हा बघतात.

"गणपतीच्या आसपास स्प्रे गनला हवा कमी पडतेय असं वाटलं तुम्हाला," तुम्ही हळूच म्हणता. "काटा सहावरच दिसायचा. मग प्रेशर स्विचचा नट आवळलात?"

"दोन फेरे." आवाज खाली गेलाय.

"आणि त्यानंतर व्हॉल्व्ह गळायला लागला."

मिस्त्री काहीच बोलत नाहीत. तीस वर्षं फिटरकी केलेला माणूस आहे, पुढचं त्यांना सांगावं लागत नाही. व्हॉल्व्ह गळत नव्हता. दाब दहाच्या आसपास गेला होता आणि तो आपलं काम करत होता. गेज खोटं बोलला, स्विचने त्याच्यावर विश्वास ठेवल्यासारखं झालं, आणि एकटा खरं बोलणारा होता त्याच्या तोंडात प्लग बसला. दाब मुका असतो. त्याला आवाज देतो तो व्हॉल्व्ह.

"एनआरव्ही कशाला आणलात मग?" मिस्त्री विषय बदलतात. "तो तर चांगलाय."

"मोटार थांबल्यावर स्विचखालून फुस्स होतं, ते किती वेळ चालतं?"

"चालूच असतं हल्ली. बारीक. मला वाटलं, स्विचच गेलाय."

तुम्ही नवा एनआरव्ही तोंडाला लावून फुंकता. हवा जाते. उलटा करून फुंकता. जात नाही. एवढंच त्याचं काम. त्याच्यासाठी फार लांबचा प्रवासही करावा लागत नाही. डोळे मिटले की गावाच्या वेशीवरचा लोहार दिसतो. भाता वर उचलला की तळातली चामड्याची झडप उघडते, हवा आत येते. भाता दाबला की झडप मिटते आणि हवा नाइलाजाने निखाऱ्यांकडेच जाते. आत आलेल्याला आल्या वाटेने परत जाऊ द्यायचं नाही. १६२८ साली विल्यम हार्वेने रक्त शरीरात फिरतं हे मांडलं तेव्हा शिरांमधल्या अशाच झडपा त्याच्या साक्षीला होत्या.

कॉम्प्रेसरमध्ये हेडकडून आलेली नळी टाकीत शिरते तिथे ही झडप बसते. मोटार थांबली की स्विचला जोडलेला छोटा अनलोडर उघडतो आणि हेडपासून झडपेपर्यंतच्या नळीतली हवा सोडून देतो. फुस्स. दोन सेकंदांचं काम. पुढच्या वेळी मोटारीला भरलेल्या नळीविरुद्ध जोर लावावा लागू नये म्हणून. पण एनआरव्हीची सीट खराब झाली, हेडमधली तेलाची काजळी तिच्यावर बसली, की टाकीतली हवा उलटी येते आणि त्याच अनलोडरमधून गळत राहते. आवाज स्विचखाली, दुखणं एनआरव्हीत. कित्येक चांगले स्विच या गैरसमजात भंगारात जातात.

"म्हणजे याचंही ऐकायला चुकलो," मिस्त्री म्हणतात आणि चहाचा कप उचलतात.

शेवटी प्रेशर स्विच. तुम्ही झाकण काढता. खाली पडदा, त्यावर मोठी स्प्रिंग, स्प्रिंगवर नट, बाजूला तांब्याचे पॉइंट. दाब पडद्याला वर ढकलतो, स्प्रिंग खाली. आठला पडदा जिंकतो, पॉइंट तुटतात, मोटार थांबते. हवा वापरून दाब सहावर आला की स्प्रिंग जिंकते. तुम्ही पडद्याखालच्या भोकात अंगठा दाबता. टक्.

बार्दोनेक्या, १८६१

थंडी. आल्प्सच्या पोटात तुम्ही उभे आहात. फ्रान्स आणि इटलीमधल्या डोंगरातून जवळपास १३ किलोमीटरचा बोगदा खणायचाय. चार वर्षं हाताने सुरुंगाची भोकं पाडणं चाललंय. या वेगाने नातवंडांच्या काळातही आगगाडी पलीकडे जाणार नाही. वाफेचं इंजिन आत नेलं तर धुरानेच माणसं गुदमरतील.

इंजिनियर जेर्माँ सोमेयेने डोंगरातल्या झऱ्यांच्या जोरावर बाहेरच हवा दाबली आणि लोखंडी नळांतून आत पाठवली. आता तुमच्या समोर ड्रिल खडकावर ठणाठण आदळताहेत, आणि त्यांच्यातून सुटणारी हवा गार आहे, स्वच्छ आहे. खणायची ताकद आणि जगायचा श्वास एकाच नळातून येतोय. एक खाणकामगार ड्रिल थांबवून त्या झोताकडे क्षणभर तोंड करतो. १८७०च्या डिसेंबरात दोन्ही बाजू एकमेकींना भेटल्या. पुढच्या सप्टेंबरात उद्घाटन झालं, तेव्हा सोमेये हयात नव्हता. दोनच महिने आधी गेला.

या बोगद्याची हकिगत अमेरिकेतल्या एका तरुणाने मासिकात वाचली. हवा डोंगरात एवढ्या आत जाते, तर गाडीच्या शेवटच्या डब्यापर्यंत का जाणार नाही? जॉर्ज वेस्टिंगहाउस. १८६९ साली, बाविसाव्या वर्षी, त्याने हवेच्या ब्रेकचं पेटंट घेतलं. आता इंजिनावर हवेचा पंप आला, टाकी आली. आणि नवा प्रश्न आला. पंपावर सारखं लक्ष कोण ठेवणार? ड्रायव्हरने रूळ बघायचे की गेज? मग टाकीतला दाबच पंपाला थांबवील आणि चालू करील अशी सोय झाली. मुंबईच्या लोकलमध्ये कधी कधी गाडी फलाटावर थांबलेली असताना पायाखाली काही तरी आपसूक धडधडू लागतं, मग आपसूक थांबतं. तो हाच प्रकार. तुमच्या हातातलं 'टक्' त्याच घराण्यातलं.

ब्रॉक्टन, २० मार्च १९०५

इथे तुम्हाला यायचं नव्हतं. टाकीवरची नेमप्लेट चिंधीने पुसलीत आणि आलात.

मॅसॅच्युसेट्समधला ग्रोव्हर कंपनीचा बुटांचा कारखाना, लाकडी, चार मजली. सकाळचे आठ वाजताहेत, कामगार बाकांवर बसलेत. नवा बॉयलर देखभालीसाठी बंद आहे, म्हणून आज जुना पेटवलाय. तात्पुरता. पत्रे एकावर एक चढवून रिबिट मारलेली त्याची शिवण आहे, आणि शिवणीच्या आत, बाहेरून कुणालाच दिसणार नाही अशी चीर. बॉयलर फुटतो, छप्पर फोडून आकाशात जातो. इमारत कोसळते, पेटते. ५८ माणसं गेली.

इथे कुणी व्हॉल्व्ह दाबून धरला नव्हता. व्हॉल्व्ह दाब सांभाळतो, पत्रा नाही. म्हणून मॅसॅच्युसेट्सने १९०७मध्ये बॉयलरचे नियम केले आणि १९१४मध्ये अमेरिकी मेकॅनिकल इंजिनियरांच्या संस्थेची संहिता आली. पत्रा किती जाड, जोड कसा, चाचणी कशी. आपल्याकडे १९४८च्या कारखाना कायद्याच्या ३१व्या कलमाने हेच बजावलं, की दाबावर चालणाऱ्या यंत्रात सुरक्षित दाब ओलांडला जाऊ नये याची चोख व्यवस्था हवी.

तुमच्या टाकीची प्लेट सांगते: कामाचा दाब १० किलो, चाचणी १५. ही चाचणी पाणी भरून करतात, हवा भरून नाही. पाणी जवळजवळ दबत नाही. टाकी तडकलीच तर ते पचकन गळेल आणि संपेल. हवा दबलेली असते, ती तडकलेल्या टाकीचे तुकडे घेऊन बाहेर येते. आणि पत्रा आतून झिजतो. पावसाळ्यातली दमट हवा दाबली की दिवसाकाठी लोटाभर पाणी टाकीच्या तळाशी साठतं. ड्रेन कॉक रोज उघडायचा तो याच्यासाठी.

भोसरी

प्लग निघतो. कुरकुरत, टेपचे दोरे ओढत. व्हॉल्व्ह बसतो, थेट टाकीवर. मधे कॉक नाही, बेंड नाही. मधे कॉक असला की तो कुणीतरी कधीतरी बंद करणारच. गेज, एनआरव्ही, स्विच बसतात. मिस्त्री मेन स्विच चढवतात.

दोन. चार. सहा. आठ. टक्. मोटार थांबते. फुस्स, दोन सेकंद, आणि शांतता.

"ओढा रिंग," तुम्ही म्हणता.

मिस्त्री तोंड बाजूला करून रिंग ओढतात. हवेचा भपकारा सुटतो, फळीवरची धूळ उडते, कॅलेंडर भिंतीवरून उलटं होतं. ते सोडतात. व्हॉल्व्ह गच्च मिटतो. टाकीच्या पोटावर ते खडूने तारीख लिहितात.

आता एकच प्रवास उरलाय, तोही जवळचा. पुढचा पावसाळा. बाहेर धो धो पाऊस. एका पाइपला बारीक चीर गेलीय, म्हणून मोटार दर मिनिटाला चालू-बंद होतेय. दर सुरुवातीला तिच्यात चालू करंटच्या कितीतरी पट करंट जातो, पॉइंटवर ठिणगी उडते. आणि एका ठिणगीत पॉइंट एकमेकांना चिकटतात. काटा आठवर येतो. 'टक्' होत नाही. साडेआठ. नऊ. साडेनऊ. लेथच्या आवाजात कुणाचं लक्ष नाही. मिस्त्री पाठमोरे बसून चहा पिताहेत.

दहा.

फर्रर्र करून व्हॉल्व्ह उघडतो. कॉम्प्रेसर जेवढी हवा देईल तेवढी सगळी बाहेर टाकेल असा तो निवडलाय. काटा दहावरच थरथरत राहतो. आवाज भयंकर आहे. पोरं कानांवर हात ठेवतात. अर्धा कप चहा मिस्त्रींच्या पँटवर सांडतो. ते शिवी हासडत उठतात, दोन ढांगांत कॉम्प्रेसरपाशी पोचतात आणि हात पुढे करतात.

तुमचा श्वास अडकतो.

हात व्हॉल्व्हच्या वरून जातो, मेन स्विचपर्यंत. आणि तो खाली पाडतो.